आमची नसलेली म्हैस

आमच्या गावात त्या काळी कुणी उगाच चालत नसे. चालायला कारण लागायचं. वाडीत पाणी लावायला जाणारा माणूस चालायचा, फुलांच्या टोपल्या घेऊन स्टेशनकडे निघालेल्या बाया चालायच्या, कुणी गेलं की सगळं गाव खाली मान घालून चर्चपर्यंत चालायचं. पण काही काम नसताना, मोकळे हात हलवत, कुठेही न पोहोचण्यासाठी चालणारा माणूस आम्ही पाहिलेला नव्हता. म्हणून डॉक्टरांनी माझ्या बाबांना साखर झाल्याचं सांगून रोज तीन मैल चालायचा हुकूम दिला, तेव्हा बाबांनी अगदी मनापासून विचारलं, "कुठे?"

"कुठेही," डॉक्टर म्हणाले.

"कुठेही म्हणजे कुठे?"

"इनासभाऊ, कुठेही. जायचं आणि परत यायचं."

"आणि तिथे जाऊन करायचं काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. शेजारी बसलेली माझी आई म्हणाली, "तुम्ही कागदावर लिहून द्या. ते चालतील."

बाबा म्हणजे रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. आमची केळीची वाडी होती, थोडी पानवेल होती, कुंपणाला लागून मोगरा होता. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत बायबलचं पहिलं वाचन बाबा करायचे आणि त्यांचा आवाज असा होता की मागच्या बाकावर डुलक्या घेणारे म्हातारेसुद्धा ताठ बसायचे. दोन वाड्यांच्या हद्दीवरून भांडण झालं की लोक बाबांना बोलवायचे. बाबा दोघांचं ऐकून घ्यायचे, जाऊन जागा बघायचे आणि एक वाक्य बोलायचे. त्यानंतर गावात 'इनासभाऊ म्हणाले' एवढं सांगितलं की विषय संपायचा. (आम्ही घरात आमची बोली बोलायचो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर माझ्या नातवंडांनाही कळणार नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं सरळ मराठीत उतरवते आहे. मिठागरावरच्या आणि बंदरावरच्या लोकांचं मात्र जसं कानात राहिलंय तसं लिहिते. ते बदलायला हात धजत नाही.)

केळीच्या बागेत राहून साखर होणं हा बाबांच्या मते अन्याय होता. ओटीवर राजेळीचे घड टांगलेले, मागच्या अंगणात बांबूच्या मांडवावर सुकेळी वाळत घातलेली, घरभर त्यांचा मधासारखा वास, आणि बाबांच्या पुढ्यात कारल्याचा रस, तांदळाची अर्धी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. आईने सगळं आपल्या हाती घेतलं होतं. दर शनिवारी ती काचेच्या नळीत निळं औषध घ्यायची, त्यात बाबांच्या लघवीचे मोजून आठ थेंब टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर ते उकळायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, आणि विटेसारखं लाल झालं तर काही खरं नाही. पहिल्या शनिवारी ते असं लाल झालं की आईने नळी खिडकीच्या उजेडात धरली, बाबांना हाक मारून दाखवली आणि खाली ठेवली. बाबांनी कारल्याचा रस पिऊन टाकला.

त्यांच्याबरोबर चालायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामी मीच होते. मी गणितात नापास होऊन घरी बसले होते. मार्चमध्ये पुन्हा परीक्षेला बसायचं होतं आणि तोवर सगळे माझ्याकडे घरात पडून असलेल्या छत्रीकडे पाहावं तसं पाहायचे: गरज पडली की उचलायची. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "मोनी, तू नुसतं चालायचं नाहीस. ते कुठे बसतात, कुणाकडे काय खातात, सगळं येऊन मला सांगायचं."

बाबांनी रस्ता निवडला तो खाजणाचा, खाडीकाठच्या दलदलीतला. गावातून जायचं म्हटलं तर प्रत्येक ओटीवरून प्रश्न आला असता. त्याऐवजी वाड्या संपतात तिथून उजवीकडे उतरलं की मिठागराचा बांध लागायचा. एका बाजूला मिठाच्या चौकोनी कोंड्या, दुसऱ्या बाजूला खाडीचं पाणी शिरायचा ओहोळ आणि तिवरांची झाडी, मधून दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढी मातीची वाट. थंडीचे दिवस होते. बांधावर दव असायचं आणि चपलेला चिखल असा चिकटायचा की अर्ध्या मैलात माणूस दोन बोटं उंच व्हायचा. ओहोळाच्या तोंडाशी भरतीचं पाणी आत घ्यायची आणि अडवायची लाकडी झडप होती, तिला उघाडी म्हणत. उघाडीपर्यंत जाऊन परत आलं की डॉक्टरांचे तीन मैल भरायचे.

पहिल्या दिवशी निघताना बाबांनी खुंटीवरचं दावं काढून खांद्यावर टाकलं. मी विचारलं, "हे कशाला?"

"हातात काहीतरी असलेलं बरं," ते म्हणाले.

बांधावर पहिलाच माणूस भेटला तो धाकल्या. तो मिठागरावर काम करायचा. काळाकभिन्न, काटक, स्वभावाने इतका मदतीला धावणारा की लोक त्याला आपल्या अडचणी सांगायला घाबरायचे. त्याने बाबांकडे पाहिलं, दाव्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इनासभाव, सकाली सकाली दावा घेऊन कवठं चाल्लाव?"

मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. साखर हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला आणि परत आत गेलेलाही पाहिला. मग रविवारी वाचन करायच्या त्याच खणखणीत आवाजात ते म्हणाले, "म्हैस सुटलीय."

आमच्याकडे म्हैस नव्हती. कधीच नव्हती. आमच्याकडे एक शेळी होती आणि तीसुद्धा भाकड.

"अरारा," धाकल्या म्हणाला. "कंची म्हस?"

"काळी," बाबा म्हणाले आणि चालायला लागले.

उघाडीशी पोचल्यावर बाबा म्हणाले, "आईला सांगू नकोस." मी म्हणाले, "तुम्ही कुठे बसलात आणि काय खाल्लंत, एवढंच सांगायचं ठरलंय." त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी आहेत. बाबांशी मी तोवर कधी सलग दहा वाक्यं बोलले नव्हते. बांधावर दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे आम्ही पाहायला लागलो. कोंड्यांमध्ये घोट्याएवढं पाणी असायचं आणि त्यात लांब गुलाबी पायांचे, पांढऱ्या पोटाचे पक्षी उभे असायचे. त्यांना शेकाट्या म्हणतात हे मला फार पुढे एका पुस्तकातून कळलं. बाबांना नाव माहीत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच दिलं: वकील. कारण आमच्या ओळखीचे एक वकील भाताच्या शेतातून जाताना धोतर वर धरून असेच पाय टाकायचे. चिखलात शेपटी सतत वरखाली करत फिरणारा एक बारका पक्षी होता, तो चर्चची घंटा वाजवणारा. ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे म्हणजे माझ्या मामांची मुलं. बाबा हे सगळं अजिबात न हसता सांगायचे. एकदा दूर पाण्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उतरला, लांबून नुसती गुलाबी रेघ दिसत होती. बाबा पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यांना नाव नको." आता त्या बाजूला इमारती झाल्या आहेत. माझ्या सोसायटीतल्या बायका मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून आवारात फेऱ्या मारतात, मीही त्यांच्यात असते, आणि आम्हाला कुणी 'कुठे निघालात' असं विचारत नाही.

पण इकडे म्हैस वाढत होती. धाकल्याने ती बातमी मिठागरावर सांगितली, मिठागरावरून ती गावात आली. लोक थांबवून विचारायला लागले. शिंगं कशी? बाबांना काहीतरी सांगणं भाग होतं. "डावं शिंग आत वळलेलं," ते म्हणाले. ओळखायची खूण? "कपाळावर पांढरा ठिपका." प्रत्येक उत्तरानंतर त्यांचं तोंड उतरायचं, पण उत्तर मात्र तयार असायचं, आणि एकदा दिलेलं उत्तर ते बदलत नसत. खोटंसुद्धा ते खऱ्यासारखं नेकीने बोलायचे. एकाने सांगितलं, अशीच म्हैस फुलपाड्याला एकाच्या गोठ्यात पाहिली. दुसरा म्हणाला, फुलपाडा नव्हे, चंदनसार. शेजारच्या मार्सेलीनबाईंनी क्रुसाजवळ मेणबत्ती लावली. बाबा एका शनिवारी कुमसाराला गेले आणि म्हशीबद्दल खोटं बोलल्याचं पाप फादरांना सांगितलं. फादरांनी विचारलं, "विकताना?" बाबा म्हणाले, "नाही, हरवताना." ही हकिगत त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून नेहमीपेक्षा जरा जास्त प्रार्थना सांगितल्या म्हणे.

आईला हे कळलं ते पाचूबंदरहून मासे घेऊन येणाऱ्या कोळणीकडून. मी तिथेच लसूण सोलत बसले होते. कोळणीने टोपली उतरवली आणि विचारलं, "बाय, म्हस गावली का गो?"

आईचा हात बोंबलांवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी लसणीकडे पाहिलं. एका क्षणात तिच्या डोक्यात दावं, बांध, बाबांची सकाळची लगबग, सगळं जुळलं असणार. ती म्हणाली, "नाही ना. अजून शोधताहेत. रोज तीन-तीन मैल जातात बिचारे."

"दूद किती द्यायची?"

"भरपूर," आई म्हणाली. "मलई तर विचारू नकोस."

कोळीण गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "ही म्हैस सापडता कामा नये." त्या शनिवारी नळीतलं औषध हिरवं झालं होतं.

म्हैस सापडली. एका सकाळी आम्ही फिरून येऊन पाय धूत होतो, तेवढ्यात रस्त्यावर गलका ऐकू आला. पुढे धाकल्या, मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेला, हातात दोर, दोराच्या टोकाला म्हैस आणि मागे अर्धा गाव. म्हैस काळी होती. तिचं डावं शिंग आत वळलेलं होतं. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता.

"नऊ दीस शोधली," धाकल्या म्हणाला. त्याला धाप लागली होती आणि त्याचा चेहरा आनंदाने उजळला होता. "तिवरात रुतली होती. कंबरंएवड्या पान्यातून काडली."

बाबांनी म्हशीकडे पाहिलं. मी पुढे अनेक माणसांना अनेक अडचणीत पाहिलं, पण त्या सकाळी बाबांच्या चेहऱ्यावर होता तो भाव पुन्हा कधी पाहिला नाही. आपण तोंडाने बोलत गेलो आणि ते चार पायांनी दारात येऊन उभं राहिलं, हे त्यांना समजत नव्हतं. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. मार्सेलीनबाई रडत होत्या. कुणीतरी म्हशीला आमच्या फणसाला बांधलं. आईने धाकल्याला पाटावर बसवून भाकरी आणि कालवण वाढलं, आणि तो जेवत असताना आत येऊन मला हळूच म्हणाली, "ही कुणाची असेल गं?"

तो प्रश्न आम्हा तिघांना दिवसभर छळत राहिला. म्हैस हंबरत होती. तिचं दूध काढायला गेलेल्या आईला तिने बादलीसकट ढकललं. बाबा ओटीवर बसून होते. लोक गेले की धाकल्याला खरं सांगतो, असं ते सकाळी म्हणाले, मग दुपारी म्हणाले, आणि लोक काही संपत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चहा घेत असताना एक म्हातारी आली. मिठागरापलीकडच्या पाड्यावरची बायजाबाई. हातात काठी, पायांत काही नाही, गुडघ्यापर्यंत सुकलेला चिखल. तिने आम्हाला काही विचारलंच नाही. ती थेट फणसाखाली गेली आणि म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. आदल्या दिवसभर कुणाला जवळ येऊ न देणारी ती म्हैस मान खाली घालून तिच्या पदराला हुंगायला लागली.

"माजी हाये," बायजाबाई म्हणाली. "चार दीस झाले. मी सगली खाजनं पालथी घातली."

एव्हाना शेजारीपाजारी जमले होते आणि ते सगळे आमच्या बाजूचे होते. मार्सेलीनबाईंचे यजमान पुढे झाले. "बाई, तुमची चूक होतेय. ही इनासभाऊंची. महिनाभर शोधताहेत ते. सगळं गाव साक्षीला आहे."

"डावं शिंग, पांढरा ठिपका, आम्हाला आधीच सांगितलं होतं त्यांनी," दुसरा म्हणाला.

"म्या धरून आनली," धाकल्या म्हणाला. "मला सांगितली तशीच हाये. इनासभाव खोटं बोलतील व्हय?"

बायजाबाईने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. भांडायची तिची तयारी होती, पण समोर वीसएक माणसं होती आणि ती एकटी होती. "हिच्याच दुदावर जगते मी," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "माज्याकडं दुसरं काय नाय."

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. चर्चमध्ये घुमणारा तो आवाज कुठे गेला कळेना. मला माझंच आश्चर्य वाटलं, कारण तोवर चारचौघांत मी कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, "आमच्याकडे म्हैस नव्हतीच."

कुणालाच ते कळलं नाही. मार्सेलीनबाई म्हणाल्या, "मोनी, काय बोलतेस? हरवली होती ना?"

"नव्हतीच. म्हणजे कधीच नव्हती."

मग बाबांचा आवाज परत आला. "पोर खरं बोलतेय," ते म्हणाले. "मला साखर झालीय. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. नुसतं चालायची मला लाज वाटली, म्हणून मी म्हैस सुटलीय असं सांगितलं. बायजाबाई, म्हैस तुमचीच आहे. मी कालच बोलायला हवं होतं."

मला वाटलं, आता कुणी हसेल. कुणी हसलं नाही. लोकांना राग आला होता की दुःख झालं होतं, ते त्यांचं त्यांनाही ठरवता येईना. शेवटी बायजाबाईनेच डोळे पुसून विचारलं, "चालायची लाज? मी दूद घालायला रोज चार कोस जाते. मला तर कोनी लाज वाटाया सांगितली नाय."

"तुम्ही कामाला जाता," बाबा म्हणाले.

"मंग आज तुमी पन कामाला चला. हिला दोराला धरून माज्यानं एवडी वाट नेववनार नाय. मागून कोनतरी लागतो."

असे आम्ही निघालो. पुढे बायजाबाई, मग म्हैस, मागे दोर धरलेले बाबा आणि त्यांच्या मागे मी. भर सकाळी, गावातल्या मोठ्या रस्त्यावरून, प्रत्येक ओटीसमोरून. बाबांनी मान खाली घातली नाही, पण इकडेतिकडेही पाहिलं नाही. वाड्या संपल्यावर मला मागे पावलं ऐकू आली. धाकल्या येत होता, दहा हातांचं अंतर राखून, तोंड फुगवून. बांधावर बाबा दोनदा थांबले, तो दोन्ही वेळा थांबला. उघाडीशी आम्ही म्हशीला पाणी पाजायला उभे राहिलो, तेव्हा बाबा मागे वळून त्याच्यापर्यंत चालत गेले.

"धाकल्या, तुझे नऊ दिवस मी फुकट घालवले. माफ कर."

धाकल्या पाण्याकडे बघत राहिला. तिकडेच बघत म्हणाला, "त्या शिंगाचं पन खोटं?"

"शिंगाचंही खोटं."

"आन् कपालावरच्या ठिपक्याचं?"

"तेही."

"मंग हिला कसा हाये?"

बाबांनी म्हशीकडे पाहिलं. "ते मलाही कळलेलं नाही," ते म्हणाले.

धाकल्याने पुन्हा एकदा म्हशीचं कपाळ निरखलं आणि तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग त्याला बांधावर बसावं लागलं. बाबाही त्याच्या शेजारी बसले. मी तोवर त्यांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. बायजाबाई पलीकडून ओरडली, की म्हस उभी राहून दमली.

उघाडीच्या पुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो. तिथून बांध वळतो आणि खाडी एकदम मोठी होते. पाडा आला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं आणि डॉक्टरांच्या तीन मैलांचे सहा होऊन गेले होते. चालताना सुरुवातीला थकणारे बाबा त्या दिवशी दमलेले वाटत नव्हते. बायजाबाईने आम्हाला झोपडीसमोर बसवलं, लगेच म्हैस पिळली आणि आतून चहाचे पेले आणले. त्यावर साय धरली होती.

बाबा मोठ्याने म्हणाले, "बिनसाखरेचा द्या. मला साखर आहे." कुणीही न विचारता त्यांनी स्वतःहून सांगितलेलं ते पहिल्यांदाच.

बायजाबाई पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. "घातली की मी. चांगली मूठभर. आता कशी काडू?"

बाबांनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी उठले, पाठ फिरवली आणि खाडीच्या काठावर गेले. पाण्यात एक वकील उभा होता, एका पायावर. मी त्याच्याकडे चांगला वेळ बघत राहिले.

घरी आल्यावर आईने मला स्वयंपाकघरात घेतलं आणि विचारलं, "तिथे काही गोड घेतलं का त्यांनी?" त्या दिवशी मी खरं बोलण्याच्या भरात होतेच. मी म्हणाले, "मी पाहिलं नाही."